केळीच्या खोडातून डिंक गळून राहिला आहे, कीड कोणती आणि काय करू? (नागपूर)

सांदवाडी_बेसा
नमस्कार मंडळी. बेसा रोडला आमच्या घरामागच्या सांदवाडीत केळीची सात झाडं आहेत. मोरीचं आणि उन्हाळ्यात कुलरचं पाणी तिकडेच सोडलेलं आहे त्यामुळे मे महिन्यातही हिरवीगार राहतात, आजपर्यंत कधी औषध घातलं नाही आणि गरजही पडली नाही. पण मागच्या आठवड्यात पाऊस-वारा झाला, फार जोराचा नव्हता, तरी एक झाड घडासकट मधातून मोडलं. नऊ फण्यांचा घड होता, अजून भरायचा होता, फार वाईट वाटलं. मोडलेल्या जागी पाहिलं तर आत काळं पडलेलं, सडका वास आणि करंगळी जाईल एवढी भोकं. आता आणखी दोन झाडांच्या खोडावर गुडघ्याच्या वर थेंब थेंब डिंक जमून राहिला आहे, काही थेंब काचेसारखे स्वच्छ, काही तपकिरी. पानं मात्र चांगली हिरवी आहेत. दुकानात सांगितलं तर त्यांनी काही न पाहता दाणेदार औषधाची पुडी दिली, बुंध्याशी टाका म्हणाले. मी ती अजून फोडली नाही कारण याच झाडांचं कमळ (केळफूल) आम्ही भाजीला काढतो, सासूबाई केळीच्या पानावर जेवतात, आणि भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या मखराला खांबही यांचेच लागतात. ही कीड कोणती आहे आणि बाकीची झाडं वाचतील का?

वावर_सेलू
ताई, पुडी फोडू नका. डिंक खोडावर, तोही मधात, आणि पानं हिरवी म्हणजे हा खोड पोखरणारा सोंड्या आहे, मी नव्वद टक्के सांगतो. वर्धेकडे सेलू-पवनारच्या पट्ट्यात एकेकाळी केळीच केळी होती, मी लहानपणी बाबांसोबत बंडीत घड भरले आहेत, हा किडा मला चांगला ठाऊक आहे. मोडलेलं झाड फेकलं नसेल तर विळ्याने उभं चिरा आणि कांद्यासारखा एकेक थर सोलत जा. घाई करू नका, शेवटपर्यंत सोला. काय काय निघते ते इथे लिहा.

सांदवाडी_बेसा
काका, झाड कंपाउंडच्या भिंतीशीच पडलं होतं. आज दुपारी मी आणि मुलगी दोघींनी मिळून सोललं. वरचे दोन-तीन थर कोरडे, त्यांच्यावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं. थराच्या आत ते जाळीदार पोकळ कप्पे असतात नं, त्यात काही दिसलं नाही. मग चौथ्या-पाचव्या थरापासून बोगदेच बोगदे, आत भिजल्या भुशासारखा काळपट चोथा भरलेला. त्यात अळ्या. पांढऱ्या पिवळसर, डोकं तांबूस, पाय अजिबात नाहीत, मधात फुगीर आणि अंगाला सुरकुत्या. मुलीने पानावर काढून ठेवली तर जागच्या जागी वळवळत होती, पुढे सरकता येत नव्हतं. आणि एक पाहून आम्ही दोघी थांबलोच, केळीच्याच धाग्यांनी गुंडाळून केलेली लांबट गुंडी, नारळाच्या शेंडीची छोटी वळकटी असावी तशी. उघडली तर आत पांढुरका किडा, सोंड पोटाशी दुमडलेली. पार आतला, ज्याच्यातून घड येतो तो गोल दांडाही पोखरलेला होता. मोजून लिहिते, अळ्या १४, गुंड्या ५, मोठे काळे सोंडवाले किडे ६. किडे बोटाच्या पेराएवढे आहेत.

कीडशास्त्र_विद्यार्थिनी
ताई तुम्ही इतकं नीट सोलून पाहिलंत नं, त्यामुळे शंकाच उरली नाही. मी इथेच महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात शिकते. केळीत दोन सोंडे येतात आणि लोक दोघांना एकच समजतात म्हणून उपाय चुकतो, थोडं सविस्तर सांगते.

तुमच्याकडचा आहे तो खोडातला, ओडोइपोरस लाँजिकॉलिस. मोठा, दोन सेंटीमीटर किंवा थोडा जास्त, काळा नाहीतर तांबूस तपकिरी. मादी सोंडेने खोडाला बारीक छेद करते आणि तुम्ही म्हणालात त्या पोकळ कप्प्यांत अंडं घालते, टाचणीची भोकं म्हणजे ती जागा. झाड त्या जखमेतून रस सोडते तोच तुमचा डिंक. आपण ज्याला खोड म्हणतो ते म्हणजे पानांच्या देठांचे एकावर एक थरच असतात, त्यामुळे अळी थरातून थरात आत जात राहते आणि बाहेरून पान हिरवंच दिसते. लहान मुनव्यांवर, म्हणजे बुंध्याशी फुटणाऱ्या पिलांवर, हा सहसा येत नाही, झाड साधारण पाच महिन्यांचं झालं की येतो, निसवायच्या, म्हणजे घड बाहेर पडायच्या, सुमारास सगळ्यात जास्त. अळी धाग्यांची गुंडी करून आत कोष होते, ती गुंडी तुम्ही पाहिलीच.

दुसरा कंदातला, कॉस्मोपोलायटिस सॉर्डिडस. तो लहान, सव्वा सेंटीमीटरच्या आसपास, काळा, रात्रीच फिरतो, हात लावला की मेल्यासारखा पडून राहतो. त्याची अळी जमिनीखालचा कंद पोखरते, डिंक दिसत नाही, झाड नुसतं रोडावते, पानं कमी येतात, पोंगा (मधलं गुंडाळलेलं नवीन पान) सुकतो आणि वाऱ्याने झाड मुळासकट उपटून येते. त्याचा कोष कंदातल्या पोकळीत उघडाच असतो, गुंडी नसते. म्हणजे झाड मधातून मोडलं तर खोडाचा सोंड्या, मुळातून उलथलं तर कंद फोडून पाहायचा.

वावर_सेलू
बरोबर सांगितलं बाई. आमच्या भाषेत एवढंच, मोडलं की उलथलं ते आधी पाहा.

मानकापूर_बागवान
एवढं कशाला करता, मी तर पंधरा वर्षांपासून फोरेट, ते दाणेदार कीटकनाशक, टाकतो केळीच्या बुंध्यात, मूठभर, काही होत नाही.

निवृत्त_कृषीसहायक
भाऊ, रागावू नका, पण हे इथे वाचून कोणी करेल म्हणून स्पष्ट लिहितो. फोरेटवर आपल्या देशात २०२० च्या अखेरपासून बंदी आहे. तुमच्याकडे जुनी पिशवी असेल तर ती वापरू नका. ते झाडाच्या रसात चढते, म्हणजे पानात, कमळात, फळात. ताईंच्या घरी सासूबाई त्याच पानावर गरम वरण-भात घेतात. शिवाय खोडात पाच थर आत बसलेल्या अळीपर्यंत बुंध्याशी टाकलेलं औषध पोचेलच याची खात्री नाही, तो डिंक आणि चोथा तिचं रक्षणच करतो. मी नोकरीत असताना फवारणीच्या किती सभा घेतल्या, तरी २०१७ मध्ये यवतमाळकडे कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली तेव्हा मला झोप लागत नव्हती. तेव्हापासून मी पहिला प्रश्न हाच विचारतो, कीड पाहिली का? पाहिली नसेल तर हात लावायचा नाही.

मानकापूर_बागवान
बंदीचं मला खरंच माहीत नव्हतं जी. अर्धी पिशवी पडून आहे. ती कुठे द्यायची?

निवृत्त_कृषीसहायक
नालीत टाकू नका, जमिनीतही पुरू नका. तशीच बंद करून, लेकरांच्या आणि जनावरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयात नेऊन विचारा.

सांदवाडी_बेसा
काका खूप आभार, मी पुडी परत करते. मग आता करायचं काय? सहा झाडं उरली, दोघांना डिंक आहे, चार साफ दिसतात. त्यातल्या एकाला कमळ यायच्या बेतात आहे.

वावर_सेलू
क्रमाने सांगतो.

आज सोललेल्या झाडाचा एक तुकडाही सांदवाडीत ठेवू नका, सापडलेल्या अळ्या-किडे साबणाच्या पाण्यात बुडवा. खोड बारीक तोडून पसरा, ढीग करू नका. ढिगात ओल राहते आणि आतल्या गुंडीतून किडा आरामात बाहेर येतो. सध्या पाऊस आहे म्हणून जितकं बारीक कराल तितकं लवकर सुकेल-सडेल, अळीला पूर्ण व्हायला वेळच मिळणार नाही. मग सब्बल घेऊन खालचा कंदही काढा.

डिंकवाल्या दोघांपैकी ज्याच्यावर घड नाही ते मी तुमच्या जागी असतो तर तोडून टाकलं असतं. मनाला लागते, पण ते पडणारच आहे आणि पडेपर्यंत पन्नास किडे सोडणार आहे. घड असलेलं ठेवा, बांबूचा टेका द्या.

आणि उभ्या झाडांची वाळकी पानं, सुटलेले वाळके पापुद्रे सगळे काढा. सोंड्या दिवसा त्याच्याखालीच बसतो. खोड गुळगुळीत दिसलं पाहिजे, म्हणजे नवीन डिंकही लगेच नजरेत येतो.

सगळ्यात महत्त्वाचं विचारायचं राहिलं. घड काढलेली जुनी खोडं किती उभी आहेत?

सांदवाडी_बेसा
आमच्याकडे दोन. मागच्या वर्षीची आहेत, नुसती अर्धी तोडून ठेवली होती. आणि भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंकडे तीन-चार असतील, त्या महालक्ष्म्यांपर्यंत काढू देत नाहीत, खांब कामात येतील म्हणतात.

वावर_सेलू
तिथेच तुमचा सोंड्या वाढून राहिला आहे. घड काढल्यावर खोड जिवंत रसाचं राहते पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसते, किड्याला याहून चांगली जागा नाही. तुमच्या घडाच्या झाडावर जो आला तो बहुतेक त्याच खोडांतून आला.

रावेरचा_शेतकरी
जळगावकडून लिहितोय. थोडं वेगळं मत आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे घड कापल्यावर खोड लगेच तोडत नाहीत, कारण त्यातला रस आणि अन्न खालच्या पिलाला मिळतं, पिलबागेला, म्हणजे त्याच पिलांवर घेतलेल्या पुढच्या पिकाला, फायदा होतो. टप्प्याटप्प्याने महिना-दीड महिन्यात खाली आणायचं. हे शास्त्रातही सांगतात. तुम्ही एकदम तोडा सांगताय, त्याने खालचं पिल अशक्त होईल.

वावर_सेलू
भाऊ तुमचं खरं आहे, आणि जिथे सोंड्या नाही तिथे मीही तसंच करतो. पण दीड महिना वेगळा आणि वर्षभर उभं ठेवणं वेगळं. ताईंच्या सांदवाडीत किडा मोजून सापडला आहे. पिलाला थोडं कमी अन्न मिळालं तर शेणखताने भरून काढता येईल, पिलातच किडा शिरला तर काय भरून काढाल?

रावेरचा_शेतकरी
कीड दिसत असेल तर मान्य. आम्हीही त्या प्लॉटमध्ये कंदासकट काढतो.

कीडशास्त्र_विद्यार्थिनी
आता सापळा. तोडलेल्या खोडाचा ताजा, निरोगी भाग घ्यायचा, साधारण फूटभर लांब, उभा चिरून दोन फाका करायच्या आणि चिरलेली बाजू खाली करून झाडाजवळ जमिनीवर ठेवायच्या. केळीच्या रसाचा आंबूस वास सोंड्याला ओढून आणतो. संध्याकाळी ठेवा, सकाळी उलटून पाहा, किडे वेचून साबणाच्या पाण्यात टाका. सुकली की फाक बदला, आणि काढलेली फाक बारीक करून टाका, नाहीतर त्यातच अंडी घातली जातील. शेतात हेक्टरी १०० फाका ठेवतात, तुम्हाला पाच-सहा पुरेत. रोजचा आकडा वहीत लिहा ताई, कमी होतो की नाही त्याच्यावरूनच पुढचं ठरेल.

ब्युव्हेरिया बॅसियाना नावाची बुरशी मिळते, ती फाकेच्या चिरलेल्या बाजूला लावतात, किड्याच्या अंगाला लागली की काही दिवसांत तो मरतो, अंगावर पांढरी बुरशी दिसते. पण आपल्या नागपूरच्या मे महिन्यात हिचा उपयोग नाही, ऊन आणि कोरडी हवा तिला मारते. पावसाळ्यात संध्याकाळी लावा, आता हंगाम बरोबर आहे. कंदातल्या सोंड्यासाठी कामगंध सापळाही (किड्यांना गंधाने ओढणारा) मिळतो, हेक्टरी चार-पाच. तुमच्या किड्यासाठी मात्र फाकच.

मनीषनगर_गच्ची
मधातच विचारते माफ करा. माझ्याकडे दोन ड्रममध्ये केळी आहेत. एकाची नवीन पानं उभी, अरुंद, सगळी वरच गोळा झाल्यासारखी येऊन राहिली. देठावर आणि पानाच्या मागे गडद हिरव्या तुटक रेषा आहेत, बिंदू-रेघ-बिंदू अशा. आणि पोंग्यात काळपट बारीक मावा आहे, मुंग्या चढतात. मावा पाण्याने धुतला तर झाड सुधारेल का?

कीडशास्त्र_विद्यार्थिनी
ताई, तुम्ही लिहिलेली खूण पर्णगुच्छ रोगाची आहे, बंची टॉप म्हणतात. विषाणू आहे आणि तो पसरवणारा हाच केळीचा मावा, पेंटालोनिया निग्रोनर्व्होसा. वाईट वाटतं सांगायला, पण हे झाड बरं होणार नाही, घडही देणार नाही. फिजी बेटांवर १८८९ मध्ये हा पहिल्यांदा नोंदला गेला, आपल्याकडे १९४० च्या सुमारास श्रीलंकेतून केरळात आला आणि पुढे तमिळनाडूतल्या पळणी डोंगरातल्या विरुपाक्षी केळीच्या बागाच्या बागा यानेच संपल्या.

झाड काढताना एक चूक सगळे करतात. आधी झाड तोडायचं नाही! हलवलं की मावा उडून किंवा मुंग्यांसोबत दुसऱ्या ड्रमवर जातो आणि या माव्याच्या अंगात विषाणू शिरला की तो आयुष्यभर पसरवत राहतो. आधी पोंग्यात, देठांच्या बेचक्यात, बुंध्याशी साबणाचं पाणी किंवा निंबोळी तेलाचं पाणी नीट पोचवून मावा मारा, दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन पाहा, मग कंदासकट काढा. कंदाचा तुकडा राहिला की त्यातून रोगीच मुनवा येतो. दुसऱ्या ड्रमवर निदान दोन महिने लक्ष ठेवा, लक्षण उशिरा दिसते. आणि त्याचे मुनवे कोणालाही भेट देऊ नका.

मनीषनगर_गच्ची
मुनवा मैत्रिणीला दिला आहे मागच्या महिन्यात. आत्ताच फोन करते.

रावेरचा_शेतकरी
ताई लगेच करा. आमच्याकडचा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक विषाणू), ज्याला आम्ही हरण्या म्हणतो, तोही माव्यानेच येतो पण त्याची तऱ्हा वेगळी. त्यात पानावर पिवळे पट्टे पडतात, पोंगा सडतो, आणि मावा केळीवर राहतच नाही, काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटोवरून येतो, सोंड खुपसून चव बघतो आणि निघून जातो. तेवढ्यात काम झालेलं असतं. म्हणून कितीही फवारलं तरी हरण्या थांबत नाही, औषध मावा मारेपर्यंत विषाणू झाडात गेलेला असतो. एक वर्षी मी लागवडीच्या दुसऱ्या महिन्यात शंभरावर रोपं उपटून पुरली, डोळ्यात पाणी होतं. पण शेजारी ज्याने थांबून पाहिलं त्याचं सगळं गेलं. केळीत काकडीवर्गीय आंतरपीक घेऊ नका आणि बांधावरचं तण काढा.

हिंगणा_वावर
माझ्या बागेत पानांच्या कडा तपकिरी होऊन फाटून राहिल्या आहेत, किडा दिसत नाही. काय मारू?

निवृत्त_कृषीसहायक
काही मारू नका. कडा वाळणं आणि शिरेपर्यंत फाटणं हे वाऱ्याने आणि उन्हाने होते, आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. पश्चिमेला शेवरीची दाट ओळ लावा. लांबट ठिपके, मधात राखाडी आणि भोवती पिवळी कड असेल तर तो करपा, बुरशी आहे, तिलाही कीटकनाशक चालत नाही. पानाच्या मागे काळे ठिपके आणि जाळीदार पंखांचे बारीक किडे दिसले, वरून पान पांढुरकं पडलं, तर मात्र तो जाळीपंखी ढेकूण, तेव्हा परत लिहा. फळांच्या सालीवर तांबूस खरबरीत डाग पडत असतील तर फुलकिडे, त्याला उपाय म्हणजे घड निसवल्याबरोबर त्यावर पिशवी घालणं आणि शेवटची फणी आली की कमळ काढणं.

सांदवाडी_बेसा
आठ दिवसांनी लिहिते. घड नसलेलं डिंकाचं झाड तोडलं, आत ९ अळ्या निघाल्या, बाहेरून फक्त चार थेंब होते! आमची दोन जुनी खोडं कंदासकट काढली, एकात तर कोषच कोष. सहा फाका ठेवल्या. पहिल्या सकाळी ११ सोंडे, मग ७, १२, ६, ४, ५, ३. मुलगी शाळेत जायच्या आधी टॉर्च घेऊन मोजते.

वावर_सेलू
शाबास. भिंतीजवळच्या फाकेत जास्त येतात का ते पाहा.

सांदवाडी_बेसा
हो काका! रोज तिथेच जास्त.

पुणेकर_माहेर_नागपूर
नवीन मुनवे लावताना काय काळजी घ्यायची? आईकडे धरमपेठेत लावायचे आहेत.

कीडशास्त्र_विद्यार्थिनी
शक्य असेल तर ऊतीसंवर्धित (टिश्यू कल्चरचं) रोप घ्या, त्यात सोंड्या नसतो. मुनवा घ्यायचा तर निरोगी बागेतला, लावण्याआधी कंदाची मुळं आणि वरची साल पांढरं दिसेपर्यंत तासा. बोगदा दिसला की तो फेका, कापून वाचवायचा प्रयत्न नको. तासलेला कंद रात्रभर बाहेर ठेवू नका, त्याच वासावर सोंड्या येतो. गरम पाण्याची पद्धत आहे, साधारण ५४ अंशांत २० मिनिटं, पण थर्मामीटर असेल तरच करा.

सांदवाडी_बेसा
महालक्ष्म्या झाल्या, म्हणून राहिलेलं लिहिते. शेजारच्या काकूंना मी नुसतं सांगून पाहिलं तर त्या ऐकत नव्हत्या, मग गुंडीतला किडा डबीत घालून दाखवला आणि त्यांच्या एका खोडावर नखाने थर उचलला तर खाली अळी. त्या गप्प झाल्या, म्हणाल्या इतके दिवस पाहिलंच नाही गं. खांबांसाठी दोन साफ झाडं आमच्याकडून दिली, काम झालं की त्याच दिवशी ती चिरून पसरली. टेका दिलेल्या झाडाचा घड आठ फण्यांचा भरला, प्रसादाला गेला. पोखरलेलं होतंच पण पडलं नाही. फाकांमध्ये आता आठवड्याला एक-दोन सोंडे.

काकूंच्या तीन खोडांचे कंद येत्या रविवारी सकाळी काढायचे आहेत, जमीन घट्ट झाली आहे आणि आमचं सब्बल दांड्याशी वाकलं. बेसा, मनीषनगरकडे कोणाकडे चांगलं सब्बल असेल तर दोन तासांसाठी द्या, नेऊन आणून आम्हीच देऊ.

मनीषनगर_गच्ची
आमच्याकडे आहे. मीही येते, मैत्रिणीला दिलेला मुनवा आम्ही परवाच काढला, तुम्ही कंद कसा पूर्ण काढता ते पाहायचं आहे.